उजवा थांबला, डावा चालू आहे

माझ्या उजव्या डोळ्यातली इंजेक्शनं डॉक्टरांनी बंद केली आणि डाव्यातली चालू ठेवली. बाई एकच, आजार एकच, डॉक्टरही तेच. त्यामुळे ओळखीतल्या निम्म्या लोकांना वाटतं की उजवा बरा झाला, आणि उरलेल्यांना वाटतं की आता माझं सगळंच संपलं. फोनवर तेच तेच समजावून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून टाकते. शुद्धलेखनाची चूक सापडली तर जरूर कळवा. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता जरा उलट्या बाजूने होऊ दे.

मी मुद्रितशोधक होते. प्रुफं वाचणाऱ्याला एक खोड लागते: शब्द अख्खा गिळायचा नाही, अक्षर अक्षर बघायचं. नाहीतर 'महत्व' लिहिलेलं डोळे 'महत्त्व' असं वाचून खुशाल पुढे जातात. वाचताना नजरेपेक्षा अंदाजच जास्त काम करतो, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. माझा आजार मॅक्युलाचा, आणि तो नेमका ह्या अंदाजाच्या आड लपतो. शब्दाच्या मधलं अक्षर पुसट होतं आणि मेंदू ते गुपचूप भरून टाकतो. त्यात दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं पांघरूण घालतो. तपासणीच्या तक्त्यावर मात्र सुटी अक्षरं असतात, मागचा-पुढचा संदर्भ नाही, तिथे अंदाज चालत नाही. माझं पितळ तिथेच उघडं पडलं.

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला, इवलासा भाग. वाचणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी बारीक कामं त्याच्याकडे. वय झाल्यावर तो बिघडतो त्याला एएमडी म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार: कोरडा आणि ओला. कोरड्यात पेशी वर्षानुवर्षं हळूहळू झिजतात. ओल्यात (माझा हाच) पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या कच्च्या असतात, त्यांतून पाणी झिरपतं, कधी रक्त येतं. ह्या रक्तवाहिन्यांना वाढायला सांगणारं एक प्रथिन असतं, व्हीईजीएफ. डोळ्यातलं इंजेक्शन त्या प्रथिनाला धरून ठेवतं. बस, एवढंच त्याचं काम.

हे 'एवढंच' नीट लक्षात ठेवलं की इंजेक्शन कुणाला मिळतं, कुणाला नाही आणि कधी थांबतं, हे तिन्ही प्रश्न एकदमच सुटतात. हे गळती थांबवणारं औषध आहे. ओल येऊन पडलेली भिंत ते उभी करत नाही. म्हणून डॉक्टर मनाशी जो प्रश्न विचारत असतात तो 'हिला किती दिसतं' हा नसतोच. 'इथे गळती आहे का, आणि ती थांबवून वाचवण्यासारखं काही उरलंय का' हा असतो.

आता पात्रतेचं. कोरड्या प्रकाराला ही इंजेक्शनं देत नाहीत, कारण तिथे गळतीच नाही. माझ्या एका मैत्रिणीला हे ऐकून इतका राग आला की ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली, तिथेही तेच उत्तर मिळालं. (कोरड्याच्या पुढच्या टप्प्यासाठी अमेरिकेत २०२३ साली दोन वेगळी औषधं मंजूर झाली. तीही डोळ्यातच टोचतात, पण ती झीज फक्त मंद करतात, गेलेली नजर परत आणत नाहीत. ती वेगळी गोष्ट.) उलट मधुमेहामुळे मॅक्युलाला आलेली सूज, पडद्याची शीर तुंबून आलेली सूज, मोठ्या उणे नंबरच्या डोळ्यात उगवलेल्या नव्या रक्तवाहिन्या, ह्यांना हीच औषधं चालतात. म्हणजे रिपोर्टवर आजाराचं नाव काय आहे ह्यापेक्षा स्कॅनमध्ये काय दिसतंय ह्याला वजन जास्त.

स्कॅन म्हणजे ओसीटी. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघत राहायचं, काही सेकंदांत पडद्याचा उभा छेद संगणकावर येतो. आमचे डॉक्टर संगणक माझ्याकडे वळवून दाखवतात, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. राखाडी थर एकावर एक, मध्ये एक छोटासा खळगा. तो खळगा म्हणजे निरोगी केंद्र. पाणी काळं दिसतं. माझ्या डाव्या डोळ्याच्या पहिल्या स्कॅनमध्ये थरांच्या खाली एक काळी चीर होती, कागदाखाली बोट घालावं तसा वरचा थर उचललेला. उजव्यात खळगा नव्हताच. तिथे एक जाड, पांढरट गोळा होता आणि आजूबाजूला रक्त. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही, पण दोन्ही डोळ्यांचं पुढचं भविष्य त्या दोन चित्रांत लिहिलेलं होतं.

काही देशांत पात्रतेचे आकडे कागदावर ठरवलेले आहेत. ब्रिटनचं उदाहरण वाचण्यासारखं आहे. तिथे कुठल्या उपचाराला सरकारी आरोग्यसेवा पैसे देणार हे 'नाइस' नावाची संस्था ठरवते. २००८ साली तिने रॅनिबिझुमॅब ह्या व्हीईजीएफ अडवणाऱ्या इंजेक्शनाला मान्यता देताना अटी घातल्या: चष्म्यासकट नजर ६/१२ ते ६/९६ च्या दरम्यान हवी, केंद्राला कायमची इजा झालेली नको, आजाराचा डाग ठरावीक आकारापेक्षा मोठा नको, आणि तो अलीकडे वाढत असल्याचा पुरावा हवा. ६/१२ म्हणजे निरोगी डोळा १२ मीटरवरून जे वाचतो ते वाचायला तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. ६/९६ म्हणजे तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही जड जायला लागलेलं. मधुमेहाच्या सुजेसाठी नंतर पडद्याच्या जाडीचा आकडा घातला, किमान ४०० मायक्रॉन, म्हणजे ०.४ मिलिमीटर.

ह्याच संस्थेच्या २००७ च्या मसुद्यात मुळात काय होतं माहीत आहे? उपचार फक्त दोन्हींपैकी चांगल्या डोळ्याला, आणि तोही ओल्याच्या एकाच उपप्रकारात. म्हणजे एका डोळ्यात आजार आला तर तो जाऊ द्या, दुसऱ्यात आला की या. रुग्णांनी आणि डॉक्टरांनी आकाशपाताळ एक केलं तेव्हा ते बदललं.

खालची मर्यादा मला पटते. वरची पटत नाही. ६/१२ पेक्षा चांगलं दिसतं म्हणून थांबा, जरा बिघडू द्या, मग देऊ, हे कुठलं शहाणपण? उपचार सुरू करताना जी नजर असते तिच्यावरच शेवटी हातात काय उरणार हे बरंचसं ठरतं. चांगल्या नजरेने सुरुवात केलेले लोक पुढेही चांगल्या नजरेत राहतात. खुद्द नाइसनेच २०१८ च्या मार्गदर्शिकेत मान्य केलं की ६/१२ च्या आधी दिलेलं इंजेक्शनही गुण देतं. अडचण खर्चाच्या गणिताची आहे. मग तसं स्पष्ट म्हणा ना! 'अजून वेळ आली नाही' असं रुग्णाला सांगितलं की त्याला वाटतं आजार किरकोळ आहे. तो निवांत घरी जातो.

आणखी काही कारणांनी इंजेक्शन पुढे ढकलतात. डोळ्याला किंवा पापणीला संसर्ग असेल तर आधी तो बरा करतात, कारण सुईबरोबर जंतू आत गेले तर डोळाच गमवायची वेळ येते. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टर दहा वेळा विचार करतात. म्हणून रक्तदाबाच्या गोळीपासून सगळं सांगावं, 'डोळ्याचा आणि त्याचा काय संबंध' म्हणून गाळू नये.

प्रत्यक्ष इंजेक्शनाची भीती सगळ्यांना असते, ते थोडक्यात सांगते. बधिर करणारे थेंब, मग आयोडीनचे थेंब, मग पापण्या धरून ठेवणारा चिमटा. 'काकू, वर बघा', एक दाब, झालं. औषध जातं ०.०५ मिलिलीटर, म्हणजे थेंबभर. सुई बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर लांब, पांढऱ्या भागात टोचतात, समोरून येताना दिसत नाही. खरं सांगायचं तर सुईपेक्षा आयोडीनच जास्त झोंबतं. संध्याकाळपर्यंत चुरचुर, कधी एखादा काळा गोल नजरेत तरंगतो, कधी पांढऱ्यावर लाल डाग पडतो. हे सगळं जातं. दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, नजर धूसर झाली, उजेड सहन होईना, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच वेळी फोन करायचा. आत संसर्ग होणं विरळ आहे, पण झाला तर तासांचा हिशोब असतो.

सुरुवातीला दर महिन्याला एक, अशी तीन. मग स्कॅन कोरडा राहिला तर अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात: सहा, आठ, दहा, बारा. पाणी दिसलं की एक पायरी मागे. प्रत्येक डोळ्याची गळती ठरावीक आठवड्यांनी डोकं वर काढते, आणि त्याच्या जरा आधी सुई द्यायची असा हा खेळ. थोडंसं पाणी राहिलं म्हणून घाबरायचं नसतं, हेही मी शिकले. पडद्याच्या खालचं थोडं पाणी खपवून घेता येतं, ते सपशेल काढण्याचा हट्ट न धरलेल्या डोळ्यांची नजरही तितकीच टिकल्याचं २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं. पडद्याच्या आतल्या थरांत साचलेलं पाणी मात्र वाईट.

उजव्याचं काय झालं ते आता सांगते. इंजेक्शनं दिली, रक्त ओसरलं, पाणीही ओसरलं. खाली उरला तो व्रण. पडद्याच्या ज्या पेशी उजेड पकडतात त्या त्या जागी राहिल्याच नव्हत्या. तक्त्यावरची अक्षरं प्रत्येक खेपेला कमी होत गेली. ह्या तक्त्यावर एका ओळीत पाच अक्षरं असतात आणि ओळीला नव्हे, अक्षराला गुण असतो. मला ही पद्धत आवडते, प्रुफासारखी आहे. एका खेपेला डॉक्टर म्हणाले, "काकू, ह्या डोळ्याला आता सुई देऊन मी तुम्हाला फक्त सुईचा धोका देतोय, फायदा काही देत नाही."

मला वाईट वाटलं, पण वाक्य पटलं. ह्यालाही नियम आहेत. ब्रिटनमधल्या नेत्रतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने सांगितलेल्या खुणा अशा: लागोपाठ दोन खेपांना नजर १५ अक्षरांच्या खाली, किंवा आधीच्या चांगल्या नजरेपेक्षा ३० किंवा अधिक अक्षरांची घसरण, किंवा पुरेपूर उपचार करूनही स्कॅनवर डाग बिघडत चाललेला. अर्थात ही घसरण त्याच आजाराची हवी. मोतीबिंदूमुळे अक्षरं कमी झाली असतील तर तो हिशोब वेगळा, आणि हे आपण डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. मी विचारलं होतं. माझा मोतीबिंदू कधीच निघालेला आहे.

डाव्याचं नेमकं उलट. ती काळी चीर मिटली, खळगा परत दिसायला लागला, बारा आठवड्यांवर स्कॅन कोरडा राहायला लागला. तेव्हा डॉक्टरांनीच विषय काढला: आणखी काही काळ असंच राहिलं तर थांबवून फक्त तपासत राहायचं का? हेसुद्धा 'बंद'च. रुग्णाच्या फाइलवर दोन्ही ठिकाणी तोच शिक्का बसेल. एक बंद यशाचा आणि एक बंद हरल्याचा, आणि रांगेत शेजारी बसलेल्या माणसाला दोन्हींत फरक कळायचं कारण नाही. कुणी तुम्हाला 'आता बंद करू' म्हणालं तर पहिला प्रश्न हाच विचारा की ह्यातलं कुठलं.

आमचे हे लगेच म्हणाले, "घे की सुट्टी." त्यांचंही बरोबर आहे, प्रत्येक खेपेला माझ्याबरोबर तेच येतात, बाहुली मोठी केल्यावर माझा हात धरून जिना तेच उतरवतात. पण थांबवलेल्या बऱ्याच डोळ्यांत गळती परत येते, पहिल्या वर्षात तर जास्तच. परत सुरू केलं की बहुतेकदा आवरते, पण मधल्या काळात गेलेली अक्षरं सगळी परत येतीलच असं नाही. दोन्ही डोळे चांगले असते तर मी सुट्टी घेतली असती. माझ्याकडे वाचणारा डोळा एकच उरलाय. तो मी पणाला लावणार नाही, असं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. शेजारच्या खोलीतल्या आजोबांचा दुसरा डोळा ठणठणीत आहे, त्यांनी थांबवलं, आणि त्यांच्यासाठी तेच योग्य असेल.

ह्या दोन्हींपेक्षा मला छळतो तो तिसरा प्रकार, लोक स्वतःच थांबवतात तो. 'चार-पाच घेतली, काही फरक पडला नाही.' अहो, फरक न पडणं हाच फरक आहे! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मरीना नावाच्या चाचणीत ७१६ रुग्ण होते. वर्षभराने, १५ अक्षरांपेक्षा कमी नुकसान झालेले लोक खरं औषध मिळालेल्या गटांत सुमारे ९५ टक्के होते आणि खोटं इंजेक्शन मिळालेल्या गटात ६२ टक्के. १५ किंवा जास्त अक्षरं सुधारलेले लोक पूर्ण मात्रेच्या गटातही साधारण एक तृतीयांशच होते. म्हणजे बहुतेकांसाठी यश म्हणजे 'होतं तेवढं राहिलं'. आणि असल्या चाचण्यांतल्या रुग्णांना सात-एक वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक डोळ्यांची नजर अगदी खाली गेलेली आढळली. मधल्या काळात त्यांना इंजेक्शनं फार कमी मिळाली होती. येण्याजाण्याचा त्रास, सोबत नसणं, खर्च, ही कारणं खरी आहेत आणि त्यांवरून कुणाला बोल लावणार नाही. पण ती कारणं डॉक्टरांना सांगा. अंतर वाढवता येतं, जास्त काळ टिकणारी नवी औषधं आहेत, बेव्हॅसिझुमॅबसारखं स्वस्त औषध आहे. मुळात ते आतड्याच्या कर्करोगाचं, पण २०११ साली आलेल्या मोठ्या तुलनेत ते रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीचं ठरलं. न सांगता गायब होणं हा एकच पर्याय वाईट.

इंजेक्शन थांबलं म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांशी संबंध संपत नाही. उजव्याला मी अजून तपासून घेते, आणि डाव्यासाठी रोज सकाळी उजवा झाकून चौकटीच्या तक्त्याकडे बघते. मध्ये ठिपका, भोवती सरळ रेघा. रेघ वाकडी दिसली, लाट आली, एखादी चौकट गायब झाली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. तक्ता स्वयंपाकघरात दिव्याच्या बटणाशेजारी चिकटवलाय, विसरायची सोयच ठेवली नाही.

उजव्या डोळ्याने कडेचं सगळं दिसतं. चालताना उंबरठा दिसतो, बाजूने येणारा माणूस दिसतो. ओला प्रकार माणसाला ठार आंधळा करत नाही, हे कुणीतरी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायला हवं. मधला भाग गेला की जरा बाजूला बघून वाचायची युक्ती शिकवणारे लोक असतात. दिव्याचं भिंग, मोठ्या अक्षरांचा फोन, हे त्यांच्याकडून कळलं. 'बंद' म्हणतानाच त्यांचा पत्ता हातात द्यायला हवा. मला तो मागावा लागला.

एक गंमतही सांगते, कारण घाबरून कुणी ती बोलत नाही. उजव्या डोळ्यासमोर मला कधी कधी भिंतीवर छापील ओळी दिसतात. बारीक, नेटका टाइप, ओळीखाली ओळ. वाचायला जावं तर एकही शब्द लागत नाही. मन बिघडलंय असं समजून मी सुनेला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, ह्याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. ह्या स्वित्झर्लंडच्या माणसाने १७६० साली आपल्या आजोबांना दिसणाऱ्या माणसांचं, इमारतींचं वर्णन लिहून ठेवलं होतं. डोळ्याकडून येणारी खबर कमी झाली की मेंदू आपल्या मनाने चित्रं काढतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला चेहरे. मला निवृत्तीनंतरही प्रुफंच.

डाव्याचा पुढचा स्कॅन महिनाअखेरीला आहे. कोरडा निघाला तर सुई घेऊन पुन्हा बारा आठवडे. पाणी दिसलं तर दहावर. आणि सलग वर्षभर कोरडाच राहिला तर चौदा करून बघू, असं आमचं दोघांचं ठरलंय. थांबवण्याचा विषय तोवर कुणी काढायचा नाही.